नजरेची पत

नायब रिसालदार हनमंत काळेल रणगाड्याच्या झाकणातून छातीपर्यंत बाहेर येऊन उभा राहिला, की मागच्या गाडीतले जवान म्हणायचे, "आता वाळूतला सरडाबी सुटायचा न्हाई." त्यात अतिशयोक्ती थोडीच होती. माणदेशच्या माळावर शेळ्यांमागे वाढलेला माणूस. लांबच्या टेकाडावर हललेलं लांडग्याचं शेपूट त्याला लहानपणापासून दिसायचं. रेजिमेंटमध्ये त्याच्या डोळ्यांचं नाव होतं. नव्या अधिकाऱ्याशी त्याची ओळख करून देताना लोक आधी त्याच्या डोळ्यांची गोष्ट सांगत आणि मग नाव.

रणगाड्यात डोळ्यांना एवढी किंमत का, हे बाहेरच्याला चटकन उमगत नाही. एवढं लोखंडाचं धूड, एवढी लांब तोफ, त्याला कशाची भीती? पण झाकणं बंद झाली की आतली तिन्ही माणसं जवळजवळ आंधळी होतात. पुढे, खाली, रेलून बसलेल्या ड्रायव्हरला काचेच्या फटीतून समोरची जमीन दिसते, तीही धुळीतून. गनरच्या दुर्बिणीत लांबचं अगदी नाकासमोर येतं, पण नळीतून पाहावं तसं तेवढंच. शेजारी हत्ती उभा असला तरी पत्ता नाही. कमांडरच्या डोक्याभोवती पेरिस्कोपच्या काचा बसवलेल्या असतात. प्रत्येक काचेत जगाचा एकेक तुकडा, आणि ते तुकडे मनात जोडायचे, गाडी खाचखळग्यांतून उधळत असताना. म्हणून जुने कमांडर झाकण उघडून डोकं बाहेर काढत. त्यापायी कित्येक मेले, तरी काढत. न दिसता मरण्यापेक्षा ते बरं वाटायचं. पुढे आकाशात ड्रोन घिरट्या घालू लागले आणि तीही सोय गेली. उघडं झाकण म्हणजे घारीपुढे सोडलेलं पिल्लू.

हनमंतचा गनर होता दफादार इलाही मुलाणी. दोघे एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालेले. हनमंत वर चढत गेला, इलाही एक पायरी खाली राहिला. चारचौघांत तो हनमंतला 'साहेब' म्हणे आणि एकटे असताना 'हनमा'. तोफेच्या दोन बाजूंना दोघांच्या बैठका, मध्ये हातभर अंतर. हनमंतने "डावीकडं..." एवढं म्हणेपर्यंत तोफ डावीकडे निघालेली असायची. "ह्याला माझं मन कळतं," असं हनमंत कौतुकाने सांगायचा. ड्रायव्हर गोरख शेवाळे मालेगावकडचा, मितभाषी, नुकतंच लग्न झालेला.

त्या वर्षी नगरजवळच्या सराव-मैदानावर त्यांच्या गाडीवर 'सहनेत्र' नावाची नवी यंत्रणा बसवली गेली.

ती घेऊन आल्या होत्या डॉक्टर रेवती सामक. चाळिशीच्या, उन्हाने लाल झालेल्या, आणि रणगाड्यावर चढताना कुणाचा हात न घेणाऱ्या. त्यांनी गाडीच्या अंगावर सगळीकडून वाटाण्याएवढे कॅमेरे बसवले. काही उजेड बघणारे, काही उष्णता बघणारे. सगळ्यांची चित्रं एकत्र शिवून तिघांच्या हेल्मेटच्या काचेवर येत. हनमंतने पहिल्यांदा हेल्मेट घातलं आणि खाली मान केली, तर त्याला आपल्या पायांखालची माती दिसली. पोलाद नाहीसंच झालं होतं. झाकण बंद, आणि तरी चारी दिशा मोकळ्या.

"आरं तिच्या!" तो म्हणाला. "हे म्हणजे हवेत खुर्ची टाकून बसल्यागत झालं."

"हा सोपा भाग," रेवतीताई हसून म्हणाल्या. "असली हेल्मेटं आता इतरांकडेही आहेत. पुढचं ऐका. माणसाचा डोळा एका जागी ठरत नाही. सेकंदात तीन-चार उड्या मारतो. त्यातलं बहुतेक मेंदू आपल्याला कळवतच नाही. समजा, झुडपात काही वावगं आहे. डोळा तिथे किंचित जास्त थबकतो, बाहुली केसभर मोठी होते, आणि नजर पुढे निघून जाते. त्या माणसाला विचारलं, तर तो शपथेवर सांगेल की मला काही दिसलं नाही. पण त्याच्या डोळ्याने पाहिलेलं असतं."

"म्हणजे आमच्या मनातलं वाचतंय व्हय हे?"

"मनातलं नाही, काळेलसाहेब. मनापर्यंत पोचण्याआधीचं."

हेल्मेटच्या आतला बारीक कॅमेरा तिघांच्या बाहुल्यांवर लक्ष ठेवणार होता. कुणाची नजर अशी थबकली की त्या जागेभोवती एक कडं उमटणार: हनमंतचं पिवळं, इलाहीचं निळं, गोरखचं हिरवं. आणि यंत्र शिकत जाणार होतं. ज्याची थबक खरी ठरेल त्याचं कडं मोठं होईल, ज्याची पोकळ ठरेल त्याचं लहान.

"बाजारात माणसाची पत असते ना, तशी ही नजरेची पत," रेवतीताई म्हणाल्या. "पत पुरेशी वाढली की यंत्र वाट बघत नाही. तोफ आपणच तिकडे वळवतं. गोळा मात्र माणसानेच सोडायचा."

इलाहीने हनमंतला कोपराने ढोसलं. "तुझं पिवळं कडं आता गाडीच्या चाकाएवढं होणार बघ."

हनमंतलाही तेच वाटत होतं.

तसं झालं नाही. पहिले काही दिवस यंत्र नुसतं बघत होतं, काही दाखवत नव्हतं. मग कडी उमटू लागली, तेव्हा निळं कडं भाकरीएवढं होतं आणि पिवळं पुरीएवढं. हनमंत म्हणाला, यंत्र कच्चं आहे, शिकेल. यंत्र शिकलं, आणि निळं परातीएवढं झालं. मैदानावर लपवलेली लक्ष्यं शोधायची, तर हनमंत हुकूम द्यायला तोंड उघडायचा आणि निळ्या कड्यामागे तोफ फिरून थांबलेली असायची. त्याच्या वाट्याला "मार" एवढा एक शब्द उरला.

रेजिमेंटमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. कर्नलसाहेबांनी सगळ्यांसमोर इलाहीच्या पाठीवर थाप मारली. "मुलाणी, इतकी वर्षं हे डोळे कुठे लपवले होतेस?" लोक हसले, हनमंतही हसला. हसताना गालाचे स्नायू दुखतात हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग ते दुखणं घरी आलं. इलाही दर रविवारी हनमंतच्या क्वार्टरवर जेवायला यायचा. हनमंतची बायको शैला त्याला भावजी म्हणायची आणि त्याच्यासाठी मुद्दाम ठेचा करायची. त्या रविवारी ती वाढता वाढता म्हणाली, "शेजारच्या सांगत होत्या, ते नवं यंत्र इलाहीभावजींचंच ऐकतं म्हणे. मला तर काही नवल वाटलं नाही. माझी नाकातली चमकी पडली होती आठवतं? तुम्ही तासभर अंगण धुंडाळलंत. भावजी फाटकातून आत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, वहिनी, ती काय तुळशीच्या बुडाशी."

"आठवतंय," हनमंत म्हणाला.

"अहो, नशीब असतं एकेकदा," इलाही म्हणाला आणि घाईने भाकरी मोडू लागला.

पूर्वी हनमंत हीच गोष्ट स्वतः चार लोकांत सांगून हसला होता. आज तो इलाहीच्या डोळ्यांकडे बघत राहिला. बारीक, पिंगट, जरा आत गेलेले डोळे. त्यांत काही विशेष नव्हतं. शैला इलाहीच्या ताटात दुसऱ्यांदा ठेचा वाढत होती, आणि हनमंतच्या मनात आलं, हिने मला विचारलंसुद्धा नाही. इलाही हात धुऊन निघाला तेव्हा हनमंत त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला नाही.

चार दिवसांनी तो वर्कशॉपमध्ये रेवतीताईंकडे गेला. त्या संगणकापुढे बसून शेंगदाणे खात होत्या.

"मॅडम, तुमचं यंत्र तोफेबरोबर फिरणाऱ्या नजरेला जास्त मानतं, असं मला वाटतं," तो म्हणाला. किती दिवस त्याने हे वाक्य घोळवलं होतं. "इलाही तोफेला चिकटून बसलेला. तोफ फिरते, त्याची दुर्बीण फिरते. म्हणून त्याचं कडं मोठं. यात त्याचं काय?"

"शंका रास्त आहे. आपण बघू," रेवतीताई म्हणाल्या. त्यांना त्याच्या शंकेचा आनंदच झाला. त्यांनी पहिल्या दिवसांचं चित्रण काढलं, कडी उमटायच्या आधीचं, जेव्हा दोघे जुन्याच पद्धतीने काम करत होते. पडद्यावर मैदान, त्यावर दोन ठिपके, दोघांच्या नजरा. त्यांनी चित्रण अगदी सावकाश चालवलं.

निळा ठिपका खडकाशी थबकला. तोफ जराशी हलली. पिवळा ठिपका तोफेच्या नळीवर आला, नळीच्या रोखाने पुढे गेला, आणि खडकावर स्थिरावला. मग हनमंतचा आवाज आला: "उजवीकडं, खडक."

रेवतीताईंनी दुसरा तुकडा लावला, तिसरा लावला. काही थोडी लक्ष्यं हनमंतने आधी टिपली होती. बाकी सगळीकडे तेच. तोफ आधी, नजर मागून.

"किती सुंदर आहे बघा," त्या मनापासून म्हणाल्या. "तुम्हा दोघांनाही ठाऊक नाही, पण तुम्ही बोलताय. ते हेरतात, त्यांचा हात हलतो. तुम्ही तो धागा पकडता आणि ते काय आहे हे ओळखता. इलाहींना कळतं काहीतरी आहे. तुम्हाला कळतं काय आहे. ओळखणं ही निराळी बुद्धी आहे."

पुढचं हनमंतने ऐकलंच नाही. इलाहीला आपलं मन कळतं असं तो ज्याला त्याला सांगत आला होता. स्पर्धांतले कप, फोटो, माणदेशचा ससाणा म्हणून झालेलं नाव, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि प्रत्येक फोटोत त्याच्या मागे, तोफेच्या पलीकडे, इलाही बसलेला होता.

"आणि समजा गनरची नजर बिघडली असली तर?" त्याने विचारलं. "ताप, डोक्याला मार, असं काही?"

"त्यासाठी कमांडरला अधिकार आहे. तुमच्या उजव्या हाताशी ती कळ आहे ना, ती फिरवून कुणाचीही पत शून्यावर आणता येते. यंत्र कारण विचारतं, तोंडी सांगायचं. ज्याची पत उतरवली त्याला त्याच्या काचेवर ते दिसतं." हे शेवटचं वाक्य हनमंतपर्यंत पोचलंच नाही, त्याचं मन त्या कळीतच अडकलं होतं. त्यांनी शेंगदाण्यांचा कागद त्याच्यापुढे केला. हनमंतने मान हलवून नको म्हटलं.

थंडी सुरू झाली आणि सरहद्दीवर बिनसलं. रेजिमेंट गाड्यांसकट रेल्वेने वाळवंटात गेली. आठवडाभर नुसतं थांबणं झालं. मग एके दुपारी हुकूम आला: पुढच्या चौकीवर पायदळाची एक तुकडी अडकली आहे, ती माघारी येईपर्यंत तीन रणगाड्यांनी तिला आडोसा द्यायचा. हनमंतची गाडी डाव्या टोकाला.

निघायच्या आधी तिघांनी हेल्मेटं चढवली. वाळू, आकाश, बाभळीची खुरटी झुडपं, सगळं पोलादातून आरपार आत आलं. आणि सगळ्यांवर निळं कडं भिरभिरत होतं, मोठं, निश्चिंत, घरधन्यासारखं. पिवळं त्याच्या मागे मागे.

हनमंतचा हात कळीवर गेला. त्याने मनाची समजूत घातली की लढाईत हुकूम एकाचाच असावा, तोफ आपण होऊन वळू लागली तर घोटाळा होईल. हे कारण अगदीच वाईट नव्हतं. पण ते खरंही नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याने कळ फिरवली.

"कारण?" यंत्राने कानात विचारलं.

तो तोंडाजवळ हात नेऊन पुटपुटला, "गनरला थकवा आहे."

निळं कडं विझलं. शेजारी, हातभर अंतरावर, इलाहीने हेल्मेट नीट केल्यासारखं केलं.

चौकीपासून थोडं अलीकडे एक पडकं वाडगं होतं, मेंढपाळांनी दगड रचून केलेलं. गाडी त्याच्या समोरून जाऊ लागली.

"साहेब," इलाही म्हणाला, "डावीकडं. वाडग्याची पडकी भिंत."

हनमंतने पाहिलं. दगड, वाळू, उन्हाने हललेली हवा. पिवळं कडंसुद्धा उमटलं नाही.

"काय आहे?"

"ते कळंना. पण कायतरी हाय."

"सहनेत्र काही दाखवत नाही."

हे बोलताना त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सहनेत्र का दाखवत नाही हे जगात एकालाच माहीत आहे, असं तो समजत होता. कळ हाताशी होती. एक वळसा, बस्स. पण आता फिरवली तर निळं कडं नेमकं त्या भिंतीवर उमटेल, तोफ झपकन वळेल, आणि पुन्हा तेच.

"साहेब, तोफ वळवू का?" इलाहीचा आवाज चढला. "मला बरं वाटंना ते."

"समोर बघ!" हनमंत खेकसला. "तुला वाटतं म्हणून गाडी थांबवायची काय?"

तोफ समोरच राहिली. पुढच्याच क्षणी भिंतीमागे वाळूचा लोट उठला.

क्षेपणास्त्र गाडीच्या डाव्या अंगाला, पुढे आदळलं. आवाज असा नव्हताच. छातीवर कुणी दार आपटावं तसं झालं. बाहेरून लावलेल्या चिलखताच्या पेट्या फुटल्या आणि त्यांनी बराचसा तडाखा झेलला, म्हणून तिघे जिवंत राहिले. पण कॅमेऱ्यांच्या तारा जळाल्या. हनमंतच्या डोळ्यांसमोरचं जग एकदम काळं झालं. त्याने हेल्मेटची काच कपाळावर ढकलली. आत धूर, आणि पेरिस्कोपच्या काचांना तडे गेलेले.

"साहेब..." खालून गोरखचा आवाज आला, अगदी हळू. "साहेब, काच फुटली. डोळ्यांत गेली. मला काहीच दिसत नाही."

"हनमा!" इलाही ओरडला. इतक्या वर्षांत कामावर असताना तो पहिल्यांदाच असं म्हणाला. "माझी जुनी दुर्बीण चालू हाय. मला समोरचं दिसतंय. भिंतीमागं दोघं हायत, दुसरं भरत्यात."

एवढ्या अंधारात, एवढ्या धुरात, मरण समोर उभं असताना हनमंतच्या काळजात एक बारीक कळ उठली: आताही ह्यालाच दिसतंय. तेवढ्यातच ती विरली, पण उठली होती खरी.

"मार!" तो म्हणाला.

तोफ वळली, गाडी हादरली. "भिंत गेली," इलाही म्हणाला. "पण वाडग्यापलीकडं आणखी धूळ दिसतीय. मागं घ्यायला पायजे."

मागे घ्यायला पाहिजे, पण मागचं कुणाला दिसत होतं? इलाहीच्या दुर्बिणीत समोरचंच. गोरख आंधळा. मागे नाला होता, कुठे खोल, कुठे उथळ. त्यात गाडी कलली असती तर संपलंच.

हनमंतने झाकण उघडलं आणि तो छातीपर्यंत बाहेर आला. ऊन डोळ्यांत घुसलं. त्याने पुढे पाठ केली.

"गोरख, पाय हलवता येतात?"

"येतात."

"मग माझं ऐक. माझ्या आवाजावर चालव. मागं. हळू. उजवं जरा दाब. बास. सरळ."

गोरख डोळे मिटून, रक्त गिळत गाडी मागे नेऊ लागला. हनमंत मागचं बघत होता, इलाही पुढचं. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. आतून इलाहीचा आवाज येत होता, "धूळ जवळ येतीय... थांबली... वळली," आणि त्याच्यात मिसळून हनमंतचा, "डावं सोड... आता नाला, उतार आहे, घाबरू नको... ये, ये." वर कुठेतरी ड्रोनची भुणभुण होती. हनमंतने मान वर केली नाही. बाकीच्या दोन गाड्यांनी समोर मारा सुरू केला, पायदळाची तुकडी त्यांच्या आडून निघाली, आणि ही गाडी नाल्यात उतरून थांबली.

हनमंतने गोरखला बगलेत धरून बाहेर काढलं. त्याचा डावा डोळा नव्हताच. हनमंतला स्वतःला खरचटलंसुद्धा नव्हतं.

चौकशी तळावरच्या तंबूत झाली. कर्नलसाहेब, एक बाहेरून आलेले अधिकारी, रेवतीताई. यंत्राने कमांडरचा आवाज जपून ठेवला होता: गनरला थकवा आहे. कर्नलसाहेबांनी इलाहीकडे पाहिलं.

"मुलाणी, त्या दिवशी तू थकलेला होतास?"

इलाही ताठ उभा होता. "होय साहेब. आदल्या रात्री झोप झाली नव्हती. काळेलसाहेबांनी केलं ते बरोबर केलं."

तंबूत सगळे सैलावले. बाहेरच्या अधिकाऱ्यांनी पेन मिटलं. हनमंतला कळलं, की सुटलो. रँक राहील, पुढची बढती राहील, नाव राहील. आणि त्याच क्षणी तीच जुनी आग उसळली. डोळ्यांत हा पुढे, निशाण्यात हा पुढे, माझ्या घरच्या ताटावर हा पुढे. आणि आता मोठेपणातही हाच पुढे? आयुष्यभर ह्याच्या उपकाराखाली मान घालून फिरायचं? शैला ह्याला ठेचा वाढेल, आणि आपण समोर बसून गिळत राहायचं?

"साहेब, हा खोटं बोलतोय," हनमंत म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"आदल्या रात्री हा घोरत होता, साऱ्या तळाला ऐकू येत होतं. ह्याला थकवाबिकवा काही नव्हता. ह्याचं कडं माझ्यापेक्षा मोठं होतं, ते मला बघवत नव्हतं. म्हणून मी कळ फिरवली. ह्याने भिंत दोनदा सांगितली. मी ऐकलं नाही."

पुण्य करावं म्हणून तो खरं बोलला नव्हता. इलाहीने दिलेलं काहीही त्याला नको होतं, एवढंच. पण शब्द तोंडातून गेल्यावर ते खरेच राहिले. रेवतीताई खाली मान घालून बसल्या होत्या.

तंबूबाहेर इलाहीने त्याला गाठलं. हनमंतला वाटलं, हा आता गळ्यात पडतो की काय. इलाहीने त्याची कॉलर धरली.

"तुला काय गरज होती रं? मी सांगितलं होतं ना! दोन पोरं हायत तुला."

"तुला माहीत होतं?"

"काचेवर अक्षरं येत्यात, हनमा. 'थकवा' म्हणून आलं. मला वाचता येतं."

"मग तिथंच बोलला का नाहीस?"

"बोलत होतो की! दोनदा बोललो. कडं न्हाई तर न्हाई, तोंड होतं ना मला. मला वाटलं, यंत्राचं ऐकायचं नसंल ह्याला, पण माझं ऐकंल." त्याने कॉलर सोडली. डोळे पुसले, मग पुन्हा चिडला. "आणि माझी नजर जास्त, तुझी कमी, हे कोण म्हणालं तुला? त्या यंत्राला काय कळतंय? मला आयुष्यात कधी कळलं न्हाई मी काय बघतोय ते. तू सांगायचास तवा कळायचं."

इलाही निघून गेला, आणि त्यानंतर कित्येक महिने तो त्याच्याशी कामापुरतंच बोलला.

हनमंतकडून गाडी काढून घेतली गेली. बढती थांबली. ती गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा कमांडरच्या जागेसाठी इलाहीचं नाव निघालं. हनमंतला ते कळलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. शैलाने विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं, अगदी ठेच्यापर्यंत. ती म्हणाली, "माझ्या ठेच्यावरून? अहो, तुम्हाला पित्त होतं म्हणून मी वाढत नव्हते." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसतेय की रडतेय हे त्याला कळलं नाही.

मग तो रजा घेऊन पुण्याला लष्करी रुग्णालयात गेला. गोरखच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. उजवा वाचेल, असं डॉक्टर म्हणत होते. किती दिसेल, ते पट्टी निघाल्यावर.

"काळेलसाहेब?" गोरख म्हणाला. "खोकल्यावरून ओळखलं."

हनमंत स्टुलावर बसला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. काही लपवलं नाही, काही सजवलंही नाही. गोरख ऐकत होता. बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी औषधांची ढकलगाडी नेली, तिची चाकं किरकिरत लांब गेली.

"इलाहीभाऊ आले होते दोनदा," शेवटी गोरख म्हणाला. "ते काही बोलले नाहीत यातलं."

"तो नाही बोलायचा."

"मग तुम्ही का सांगितलं? मला काही कळलं नसतं."

"माहीत नाही, गोरख. तुझा डोळा आहे. कुणामुळं गेला ते तुला माहीत पाहिजे."

गोरखने चादर मुठीत धरली, सोडली, पुन्हा धरली. हनमंत वाट बघत होता, की हा शिवी देईल, नर्सला हाक मारून याला बाहेर काढा म्हणेल. दोन्ही चाललं असतं.

"उद्या रोहिणी येतेय," गोरख म्हणाला. "माझी बायको. तिला फोनवर एवढंच सांगितलंय, डोळ्याला लागलंय म्हणून. गेलाय हे नाही सांगितलं. माझ्यानं नाही व्हायचं." तो थांबला. "तुम्ही सांगा. कसा गेला, तेही सांगा. जसं मला सांगितलं तसंच."

"सांगतो."

"ती शिव्या देईल तुम्हाला."

"देऊ दे."

"आणि आधी तिला चहा पाजा. मालेगावहून पहाटेच्या एस.टी.ने निघेल ती. गाडी लागते म्हणून वाटेत काही खात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी हनमंत रुग्णालयाच्या फाटकाशी उभा राहिला. समोरच्या टपरीवाल्याला त्याने दोन चहा आणि गरम पाव सांगून ठेवले होते. रिक्षा येत, थांबत, माणसं उतरत. बऱ्याच वेळाने एकीतून हिरव्या साडीतली एक तरुण बाई उतरली. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात फोन. ती फाटकाकडे आली आणि गर्दीतला एकेक चेहरा बघू लागली. लग्नात तिने त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही फेट्यात. तिची नजर त्याच्यावरून पुढे सरकली.

तो खांबाच्या सावलीत होता. तिथून मागे सरकणं सोपं होतं.

हनमंत सावलीतून पुढे आला आणि त्याने हात वर केला.